माझ्या आवाजातली हाक

भुताखेतांवर विश्वास ठेवणं आमच्या घराला परवडणारंच नव्हतं. माझा जन्म काशीतला, मंगळागौरीजवळच्या गल्लीतला. मणिकर्णिकेचा स्मशानघाट चालत जाण्याच्या अंतरावर. शाळेच्या वाटेत तिरडी आली की आम्ही मुली भिंतीला चिकटून उभ्या राहायचो, तिला वाट द्यायचो आणि हातातल्या मुंगफल्या खात राहायचो. "मेलेली माणसं परत येत असती तर या गावात जिवंतांना पाय ठेवायला जागा उरली नसती," असं अण्णा म्हणायचे. अण्णा म्हणजे माझे वडील. वेदपाठशाळेत शिकवायचे, सोवळंओवळं सगळं पाळायचे, पण गंडे-ताईत घरात येऊ द्यायचे नाहीत. मीही त्यांचीच मुलगी. अजूनही अंगारेधुपारे करत नाही. तरीही त्या थंडीत जे घडलं ते मी स्वतः पाहिलं... पाहिलं म्हणण्यापेक्षा, ऐकलं.

नव्वदच्या दशकाच्या मधली गोष्ट. माझं बी.ए. नुकतंच झालं होतं. अण्णांच्या ओळखीतून एक डच कुटुंब हिंदी शिकायला आमच्याकडे यायचं. पीटर गंगेच्या पाण्याचे नमुने तपासायच्या कामावर आला होता. त्याची बायको आनेका, आणि पाच वर्षांची सोनेरी केसांची मुलगी सान्ना. सान्नाला सांभाळायला, तिच्याशी बोलायला त्यांना घरातच राहणारी मुलगी हवी होती. "मोलकरीण नाही. आमच्याकडे याला ओ पेअर म्हणतात, घरातलीच एक," आनेकाने अण्णांना समजावून सांगितलं. आत्याने ते ऐकून मला विचारलं, "ओ काय? हाकेला ओ द्यायची नोकरी म्हण की!" आई मी लहान असतानाच गेली, आत्यानेच मला वाढवलं. तिला ते पसंत नव्हतं, पण अण्णा हो म्हणाले.

त्यांचं भाड्याचं घर सामनेघाटला होतं, वस्तीच्या अगदी टोकाला. समोर गंगेपलीकडे रामनगर. पावसाळा सरला की पीप्यांचा, म्हणजे लोखंडी पिंपांवर तरंगणारा, पूल जोडायचे, तो घराच्या थोडा खाली, म्हणजे प्रवाहाच्या पुढच्या अंगाला. घराच्या मागच्या दारातून मातीचा उतार थेट पाण्यापर्यंत जायचा. मी वाराणसी सोडली नव्हती, पण त्या दाराच्या आत परदेशच होता. सकाळी पावावर लोणी आणि त्यावर चॉकलेटचे बारीक दाणे. संडासात भिंतीवर सगळ्या नातेवाइकांच्या वाढदिवसांचं कॅलेंडर! संध्याकाळी उजेड असतानाच जेवण, आणि मग एवढीशी पोर आपल्या खोलीत एकटी झोपायची. मला ते बघवायचं नाही. आनेका सहा फुटी, पुरुषांची सायकल दामटत बाजारात जायची, आपलं बाथरूम आपण घासायची. मी तिच्या आधी उठून चहा केला तर रागवायची. "वासू, बस. आज मी करते." माझं नाव वसुधा, पण ते तिच्या जिभेला जमलं नाही.

सान्नाला मी सानू म्हणायचे. फक्त मीच. आणि ती मला ताई. तिची भाषा म्हणजे डच, हिंदी आणि माझी मराठी यांची खिचडी, पण आम्हाला एकमेकींचं सगळं कळायचं.

पौषात कोहरा पडायला लागला. धुकं हा शब्द आमच्या बनारसी मराठीत कोणी वापरत नाही, कोहराच. दहा वाजले तरी समोरचा माणूस दिसत नाही असा. अशाच एका सकाळी मी स्वयंपाकघरात पाव कापत होते. सान्ना मागच्या दारातून आत आली. बूट आणि मोजे भिजून चिप्प.

"सानू! कुठे गेली होतीस?"

"तू बोलावलंस ना."

"मी? मी तर इथे आहे."

"तू पाण्यापाशी होतीस. 'सानू, ये गं' म्हणालीस. मी आले तर तू नव्हतीस." ती रुसली होती. मी तिला फसवलं असं तिला वाटत होतं.

मी हसण्यावारी नेणार, तेवढ्यात आनेका जिन्यावरून खाली आली आणि सहज म्हणाली, "मीही ऐकलं. मला वाटलं तुम्ही दोघी बाहेर खेळताय."

पीटरने त्याच दिवशी मागच्या दाराला वर, मुलीचा हात पोचणार नाही अशी कडी बसवून घेतली. मल्लाहांच्या, म्हणजे नावाड्यांच्या, बायका हाका मारत असतील, त्यातलीच एक, असं आम्ही सगळ्यांनी ठरवलं. पण 'सानू' म्हणून हाक कोण मारणार, हे मी मनातल्या मनात बाजूला ठेवून दिलं.

संक्रांतीला मी घरी गेले. परत आले तर आनेकाचा चेहरा उतरलेला. तिने सान्नाला वर पाठवलं आणि मला समोर बसवलं.

"काल दुपारी तू इथे आली होतीस?"

"नाही. मी आत्याबरोबर गुळाच्या पोळ्या करत होते."

"वासू, खरं सांग. मी रागावणार नाही. तू मागच्या दाराबाहेरून सान्नाला हाक मारलीस. मी कडी काढली तर कोणी नाही. पुन्हा आत आले, की पुन्हा तुझा आवाज. ही कसली थट्टा?"

मला रडूच आलं. माझ्यावर कोणी खोटेपणाचा आळ घ्यावा असं आजवर झालं नव्हतं. पीटर मात्र शांत होता. थंडीत पाण्यालगतची हवा गार आणि वरची गरम असते, त्यामुळे आवाज वाकून दूरवर जातो, असं त्याने कागदावर चित्र काढून समजावलं. मला ते पटलं... पटवून घेतलं म्हणा. पण मंगळागौरीपासून सामनेघाटपर्यंत? कोसभराहून जास्त अंतर, मध्ये अख्खं शहर. आणि मी त्या दुपारी सान्नाचं नावही काढलं नव्हतं.

दोन दिवसांनी आनेका सायकलवरून आमच्या घरी आली, माझी माफी मागायला. मी त्यांच्याकडून रडत निघाले होते ते घरीच राहिले होते. आत्याने तिच्या हातावर तिळगूळ ठेवला आणि माझ्याकडून सगळं वदवून घेतलं. मग मला म्हणाली, "तिला सांग, एका हाकेला ओ देऊ नये. दुसरी हाक आली तरच उठायचं. तसल्यांना दुसरी हाक मारता येत नाही."

अण्णा आतून आत्यावर ओरडले, "अक्का, उगीच काहीतरी सांगू नकोस. त्या दिवशी पुन्हा हाक आलीच होती की, ही सांगतेय ना!"

"ती कडी काढल्यावर, अण्णा. आधी एकच. एकदा ओ दिली की मग काय!"

मी आनेकाला इंग्रजीत सांगितलं. ती आत्याची चेष्टा न करता म्हणाली, "आमच्या आजीकडेही असं काहीतरी होतं. बरं, दुसऱ्या हाकेपर्यंत थांबेन." आणि मला सायकलवर मागे बसवून घेऊन गेली. गोदौलियाच्या गर्दीत लोक आमच्याकडे बघून हसत होते, आम्हीही हसत होतो. तिची माझ्या मनातली शेवटची चांगली आठवण तीच.

त्यानंतर काही दिवस काहीच झालं नाही.

मग ती सकाळ. पीटर कामावर गेला होता. आनेका खाली स्वयंपाकघरात होती. मी आणि सान्ना गच्चीवर, तिच्या आजीने हॉलंडहून पाठवलेले फुलांचे कंद कुंड्यांत लावले होते त्यांना पाणी घालत होतो. कोहरा इतका की गच्चीचा कठडा दिसायचा, त्यापलीकडे सगळं पांढरं. सान्नाचा एक हात माझ्या हातात होता. हे मी मुद्दाम सांगतेय.

खालून, पाण्याच्या बाजूने हाक आली. "ममा!"

सान्नाचा आवाज. रडवेला, घाबरलेला.

मी तिच्याकडे पाहिलं. तिचं तोंड बंद होतं. तिने डोळे मोठे करून हळूच मला म्हटलं, "ताई, ती मी आहे."

खाली स्वयंपाकघरात नळ बंद झाल्याचं ऐकू आलं. मग काहीच नाही. कडी वाजली नाही. आता कळतं, आनेका थांबली होती. आत्याने सांगितलं होतं तशी, दुसऱ्या हाकेची वाट बघत.

"ममा!"

दुसरी हाक आली. कडी निघाली, दार भिंतीवर आपटलं आणि आनेका सान्नाच्या नावाने ओरडत उतारावरून धावली.

मी कठड्याशी जाऊन जीव खाऊन ओरडले, "आनेका! ती इथे आहे! सान्ना इथे आहे, माझ्याजवळ!" सान्नाही ओरडली. खाली धावणारी पावलं थांबली. मला वाटलं, ऐकलं तिने.

आणि पाण्यावरून माझा आवाज आला.

"आनेका! ती इथे आहे!"

तेच शब्द, तोच धापा टाकत ओरडण्याचा सूर. माझे ओठ मिटलेले होते. त्यानंतर एक क्षण सगळं गप्प होतं आणि त्या क्षणाचा मी आयुष्यभर विचार केला आहे. कोहऱ्यात उभी असलेली ती बाई, वरून एक आवाज, खालून एक आवाज, दोन्ही माझेच. एक म्हणतोय मुलगी गच्चीवर आहे, दुसरा म्हणतोय पाण्यात. कोणती आई गच्चीकडे येईल?

पाण्यात कोणी शिरल्याचा आवाज आला. मग तोही थांबला.

मी सान्नाला कडेवर घेऊन जिना उतरले, कशी उतरले आठवत नाही. काठावर आनेकाच्या चपला होत्या. पाणी अगदी स्थिर. मी किंचाळले तेव्हा त्या काठावरचा रामधनी मल्लाह आपली होडी घेऊन कोहऱ्यातून आला. त्याने बांबूने पाणी ढवळलं, स्वतः उडी मारली. तिथे पाणी त्याच्या कमरेएवढं होतं. आनेकाला तर मांडीपर्यंत आलं असतं. आणि ती उत्तम पोहायची, त्यांच्या देशात मुलांना चालायच्या पाठोपाठ पोहायलाच शिकवतात.

दुपारी कोहरा उठल्यावर ती सापडली. पुलाच्या पीप्यांना बांधलेल्या लोखंडी दोरात अडकून.

पोलिसांनी पाय घसरून अपघात असं लिहिलं आणि दुसरं ते काय लिहिणार! रामधनी ते जाईपर्यंत थांबला. मग मला एकटीला गाठून म्हणाला, "दिदिया, दुन्नो ओर से आपै क आवाज आवत रहल." दोन्हीकडून तुमचाच आवाज येत होता. त्यानंतर त्याने त्या काठाला होडी लावणं सोडलं.

पीटरने मला काही विचारलं नाही. त्याने सान्नाला विचारलं. मी दाराबाहेर उभी होते. डचमध्ये बोलत होते ते, पण मला तोवर तेवढं कळायला लागलं होतं. "ताई माझ्याजवळ होती," ती म्हणाली. "तिचं तोंड बंद होतं आणि ती खालून बोलत होती." पीटर बाहेर आला. माझ्याकडे एकदा बघून तो पुढे निघून गेला. त्याच्याकडे आता कागदावर काढायला चित्र नव्हतं.

आनेकाचा देह घेऊन ते दोघे दिल्लीमार्गे हॉलंडला गेले. निघताना सान्ना मला बिलगली नाही. मी "सानू" म्हटलं तशी ती दचकून बापाच्या मागे लपली. मला त्याचं वाईट वाटलं आणि नाहीही वाटलं.

आत्या त्यानंतर खूप वर्षं जगली, पण हाकेचं ते बोलणं तिने पुन्हा कधी काढलं नाही. दुसरी हाक आली होती हे मी तिला सांगितलं तेव्हा ती उठून तुळशीपाशी जाऊन बसली. "मग मला माहीत नाही गं बाई," एवढंच म्हणाली. पुढे माझं लग्न झालं, मी नागपूरला आले. माझ्या मुलांना मी लांबून हाक मारत नाही. जवळ जाऊन खांद्यावर हात ठेवते. मुलं म्हणतात, आई, तू मांजरासारखी येतेस.

काही वर्षांपूर्वी सान्नाचा फोन आला. मोठी झाली होती, नोकरी करत होती. नंबर कुठून मिळवला कोण जाणे. इंग्रजीत बोलत होती, मधेच एखादा मराठी शब्द. तिचं आताचं घर एका कालव्याला लागून आहे म्हणाली. मला भरून आलं होतं, मी काहीबाही विचारत सुटले होते. तिने मला मधेच थांबवलं.

"ताई, खरंच तू आहेस ना?"

"हो गं राणी. मीच आहे."

 ती म्हणाली, "तेही असंच म्हणतं."

आणि फोन ठेवला.

ते काय होतं, माझाच आवाज त्याला का हवा होता, आनेकाने त्याचं काय बिघडवलं होतं, मला आजही ठाऊक नाही. आवाज दूर जाण्याचं शास्त्र मी नंतर वाचलं, जाणत्या लोकांनाही विचारलं. कोणाच्याच उत्तरात ती सकाळ बसत नाही. सान्नाचा नंबर माझ्याकडे आहे. मी तिला परत फोन केलेला नाही. माझा आवाज तिच्या कानावर न पडलेलाच बरा, एवढंच मला कळतं.