अप्पांचं लिंबू

आमचे सासरे, अप्पा, कुठल्याही लग्नाला गेले की नवरा-नवरीकडे नंतर बघत. आधी वाढप्याच्या हातातलं ओगराळं बघत. त्याच्या दांड्यावर आपलं नाव कोरलेलं नाही ना, याची खात्री झाल्याशिवाय त्यांच्या घशाखाली मठ्ठा उतरत नसे. पनवेलमध्ये आमचा लग्नकार्याची भांडी भाड्याने देण्याचा धंदा होता. जगातली सगळी ओगराळी मुळात आपलीच, लोक फक्त परत करायची विसरले आहेत, असा अप्पांचा पक्का समज. माझ्या पहिल्या दिवाळसणाला त्यांनी माझ्या आईच्या स्वयंपाकघरातली परात हळूच उलटी करून पाहिली होती. आईने ते पाहिलं आणि अजूनपर्यंत विसरलेली नाही.

"विश्वास जरूर ठेवावा, पण आधी मोजून घ्यावं," हे त्यांचं ब्रीद. भांडी परत आली की गोडाऊनच्या दारात स्टूल टाकून ते चमचान् चमचा मोजत. वाण्याकडून आणलेली साखर घरी पुन्हा वजन करत. मला भाजीला पाठवत आणि मागोमाग स्वतः जाऊन भाव विचारून येत. सुरुवातीला मला या सगळ्याचा फार राग यायचा. मग लक्षात आलं की त्यांचा स्वतःच्या मनगटावरच्या घड्याळावरही विश्वास नाही. रोज सकाळी ते रेडिओशी ताडून बघत आणि रेडिओ चुकीचा निघावा अशी त्यांची इच्छा असे. माणूस पक्षपाती नव्हता, एवढं समजल्यावर माझा राग गेला.

आमच्या जुन्या पांढऱ्या व्हॅनवर नामदेव होता. नेऱ्याचा माणूस, मी लग्न होऊन आले त्याच्या कितीतरी आधीपासून आमच्याकडे. अप्पा त्याने आणलेली भांडीसुद्धा मोजत, पण त्याला त्याचं काही वाटत नसे. "मोजा अप्पा, सावकाश मोजा," म्हणून तो चाकाला टेकून तंबाखू मळत बसे. त्या काळात नेऱ्याकडे फार्महाउसं उठत होती, रोज कुणाची ना कुणाची पार्टी असायची आणि व्हॅनला उसंत नव्हती. धंदा चालतोय म्हटल्यावर अप्पांना वेगळीच काळजी लागली. समोरच्या गल्लीतला भांडीवाला आपल्या गाडीकडे टक लावून बघतो, असं ते जेवताना सांगू लागले.

आणि नेमकी तेव्हाच व्हॅन मिसिंग मारायला लागली. सपाट रस्त्यावर बरी चाले, पण कर्नाळ्याच्या चढाला लागली की आचके द्यायची, एक ठोका गिळायची आणि मागे पातेली एकमेकांवर आदळायची. उरण नाक्याजवळच्या हनीफभाईंकडे ती गॅरेजला नेली. गंमत अशी की तिथे पोचली की ती एकदम शहाणी! हनीफभाईंनी प्लग बदलले, कॉइल बदलली, कार्बोरेटर धुतला, स्वतः चढावर फिरवून आणली. एक आचका नाही. घरी आली आणि नामदेवच्या हातात गेली की पुन्हा रड सुरू.

"अप्पा, अल्लाकसम, इंजिन ठीक आहे," हनीफभाई म्हणाले. "प्लगच्या वायरी तेवढ्या जुन्या झाल्यात, त्या बदलू का?"

"म्हणजे चांगल्या वायरी काढून तू दुसऱ्याच्या गाडीला लावणार," अप्पा म्हणाले. वायरी राहिल्या तशाच. उलट कुणी पार्ट काढून नेऊ नये म्हणून अप्पांनी पुढच्या सीटला कुलूप बसवलं, कारण या गाडीचं इंजिन त्या सीटखालीच असतं. तेल-पाणी ते स्वतः बघू लागले. त्या कुलपाची किल्ली त्यांच्या कंबरेला.

मग त्यांचं गणित सुरू झालं. गॅरेजमध्ये गाडी बरी, नामदेवकडे आजारी. म्हणजे खोट नामदेवमध्ये. तो पेट्रोल काढून विकतो आणि रॉकेल ओततो, हा निकाल त्यांनी आधी मला, मग माझ्या नवऱ्याला आणि शेवटी एका शुक्रवारी नामदेवच्या तोंडावर ऐकवला. गाडीची किल्ली मागून घेतली. "उद्यापासून येऊ नकोस."

नामदेव आधी हसला, त्याला थट्टा वाटली. मग त्याचा चेहरा उतरला. "चमचा कमी आला तर चमचाचोर म्हना, अप्पा. पेट्रोलचोर म्हनू नका. गावात मला दुसरं कोन गाडीवर ठेवनार हाय?" अप्पांनी तोंड फिरवलं. नामदेव चालत निघून गेला. मला त्या दिवशी अप्पांची चीड आली. हा माणूस आयुष्यभर मोजतच राहणार आणि शेवटी याच्याजवळ मोजायलाही कुणी उरणार नाही, असं वाटलं.

मी अप्पांना न सांगता हनीफभाईंना फोन केला. त्यांच्याही डोक्यात काहीतरी शिजत होतंच. "वहिनी, माझ्याकडे येण्याआधी त्या गाडीला कुणीतरी काहीतरी करतं," ते म्हणाले. "तिला पाठवू नका. मीच येतो. नामदेवलाही बोलवून ठेवा, त्याच्यासमोरच होऊ दे."

शनिवारी दुपारी ते अप्पांना न कळवता गोडाऊनवर हजर झाले. नामदेव दाराबाहेरच थांबला, आत येईना. अप्पा गडबडले. "आज नको, सोमवारी गॅरेजला पाठवतो," म्हणून कंबरेवर हात ठेवून उभे राहिले. हनीफभाईंनी ऐकलं नाही. नामदेवला आत ओढलं, शटर खाली घेतलं, अंधार केला, अप्पांकडून गाडीची किल्ली घेऊन ती सुरू केली आणि कुलपाच्या किल्लीसाठी हात पुढे केला. अप्पांनी नाइलाजाने तीही दिली. सीट उचलली आणि आम्ही सगळे वाकलो.

आत एक टवटवीत लिंबू आणि सात मिरच्या लोंबत होत्या. दोऱ्यात नव्हे, चांगल्या लोखंडी तारेत ओवून इंजिनाशेजारी आवळून बांधलेल्या. प्लगची जुनी वायर जिथे तडकली होती, तिथून त्या तारेवर निळी ठिणगी टकटक उडत होती. हनीफभाईंनी गाडी जरा रेस केली, तशी ती आणखी जोरात उडू लागली आणि व्हॅनने आचका दिला. प्लगचा करंट लिंबाला मिळत होता.

अप्पा आणखी खाली वाकले. मग सवयीने कडक आवाजात विचारलं, "हे इथे कुणी बांधलं?"

शटरच्या फटीतून येणाऱ्या उजेडात मला त्यांचा चेहरा दिसत होता. "मीच," ते म्हणाले.

हळूहळू सगळं बाहेर आलं. समोरच्या भांडीवाल्याची नजर लागू नये म्हणून दर शनिवारी पहाटे ते स्वतः लिंबू बांधत. बाहेर बांधलं तर लोक मुद्दाम तोडतात, म्हणून सीटखाली. दोरा कुणीही तोडेल, म्हणून तार. आणि परक्याचा हात लागला तर उलटतं, म्हणून गॅरेजला पाठवण्याआधी ते सोडून ठेवत. हनीफभाईंना हसू आवरेना, पण नामदेवकडे पाहून त्यांनी ते गिळलं.

अप्पांना माफी मागता येत नसे. त्यांनी घसा साफ केला. "उद्या नेऱ्याला साखरपुडा आहे. सकाळी लवकर ये."

"येतो," नामदेव म्हणाला. "पन किल्ली कुनाकडं राहनार?"

अप्पांनी गाडीला लावलेली किल्ली काढली, कुलपाचीही त्यात घातली आणि दोन्ही त्याच्या हातावर ठेवल्या.

साखरपुड्याची भांडी परत आली तेव्हा मी स्टूल आणून ठेवलं. अप्पा स्टुलावर बसले, पण गाडीकडे पाठ करून. वर्तमानपत्र उघडून त्यात डोकं घातलं. मी मोजायला उठले तर म्हणाले, "बस खाली." नामदेवने एकेक पातेलं आत नेऊन लावलं. त्या दिवसापासून त्याची भांडी आमच्याकडे कधी मोजली गेली नाहीत. बाकी साऱ्या जगाची मोजली. शेवटच्या आजारपणात नर्सने दिलेल्या गोळ्यासुद्धा ते तळहातावर घेऊन मोजत.

आधी व्हॅन गेली, पाठोपाठ अप्पाही गेले. तेराव्याच्या जेवणासाठी आमचीच भांडी गावाकडच्या घरी नेली होती. ती नामदेव भाड्याच्या टेंपोतून परत घेऊन आला. उतरवून झाल्यावर माझ्यासमोर उभा राहिला. "बरोबर हायेत, वहिनी. दोनदा मोजलीत."

"दोनदा कशाला, नामदेवभाऊ? अप्पांनी तुमची भांडी मोजणं कधीच सोडलं होतं की."

"म्हनूनच," तो म्हणाला. "त्यांनी सोडलं, तवापासून मी दोनदा मोजतो."

स्टुलावर सकाळचं, वाचून झालेलं वर्तमानपत्र पडलं होतं. मी ते उघडलं आणि त्याच्याकडे पाठ करून बसले.