नेकनूरच्या लाइनीला पाणी

माझा मुलगा वैजिनाथ बीडच्या एका सहकारी बँकेत संगणक ऑपरेटर आहे. शेजारणी विचारतात, "तुमचा पोरगा करतो काय वो तिथं?" मी "कम्प्युटरवर असतो" म्हणते, त्यांना तेवढं पुरतं. खरं तर तो लाइनींवर लक्ष ठेवतो. मुख्यालयात कपाटाएवढा मोठा संगणक आहे, त्याला मेनफ्रेम म्हणतात. घाटनांदूर, दिंद्रुड, नेकनूर अशा शाखांची यंत्रं टेलिफोनच्या तारांनी त्याला जोडलेली. वैजिनाथने 'डिस्प्ले'ची आज्ञा दिली की कुठली शाखा चालू आणि कुठली पडली, ते पडद्यावर उमटतं. 'व्हॅरी'ची आज्ञा दिली की पडलेली लाइन उभी राहते, किंवा चालू लाइन बंद होते. हे काम त्याच्या स्वभावालाच धरून आहे. लहानपणी शेजारी कुणी खोकलं तरी हा हातातला घास ठेवून बघायला जायचा.

यंदा, दोन हजार तीनच्या उन्हाळ्यात, नेकनूरची लाइन पडू लागली. हा उभी करायचा, ती पुन्हा पडायची. टेलिफोनवाले म्हणाले, तार ठीक आहे. शेवटी दोष सापडला तो शाखेतल्या यंत्राच्या अर्थिंगमध्ये. शाखेच्या मागे खड्ड्यात मीठ-कोळसा घालून तांब्याची पट्टी पुरलेली असते. माती ओली राहिली तरच ती काम करते, कोरडी पडली की लाइन जाते. रोज तिथे बादलीभर पाणी ओतायचं काम शिपाई छबुबाईचं होतं. वैजिनाथने फोन केला, तर तिने काय उत्तर दिलं ते त्याने मला तिच्याच आवाजात ऐकवलं. "कुठलं पानी, साहेब? टँकरचा पत्ता न्हाई. भांडी इसळल्यालं म्हशीला जातंय. तुमच्या खड्ड्याला लई तहान लागली का?"

तेव्हा तो हसला होता. मग मोठ्या साहेबांनी सांगितलं, महिनाअखेरपर्यंत लाइन टिकली नाही तर नेकनूरचा काउंटर बंद, लोकांनी बीडला यावं. त्या लोकांत निराधार म्हाताऱ्या होत्या, रोजगार हमीवरचे मजूर होते. त्यानंतर तो हसला नाही.

आमच्या घरी धुण्याचं पाणी मोरीत जाऊ द्यायचं त्याने बंद केलं. ते दोन कॅनमध्ये भरून तो सुट्टीच्या दिवशी बसने नेकनूरला न्यायचा. खड्ड्यात ओतलं की लाइन चार-दोन दिवस तग धरायची.

"अरे, ऊन बघ कसलं पडलंय. ते काय तुझं काम आहे?"

"मग कुणाचं आहे, आई?"

"कंडक्टर हसत असेल."

"हसतो ना. म्हणतो, टँकर बसने निघाला."

एका रविवारी काळजीने मीही सोबत गेले. शाखेच्या मागच्या भिंतीला घागरींची रांग लागली होती. टँकर आलाच नव्हता. वैजिनाथने खड्ड्यावरचं झाकण काढून कॅन कलता केला. पाणी मातीला लागताच रांगेतली एक बाई ओरडली, "अगं बया, पानी मातीत घालतोय बघ!"

सुग्रीव नावाचे एक म्हातारे काठी टेकत पुढे आले. "काय बे, शहाण्या? माणसं मराया लागलीत न् तू जमीन पाजतो?"

"काका, साबणाचं पाणी आहे. प्यायचं नाही."

त्यांचा विश्वास बसेना. त्यांनी ओंजळ धरली, तोंडाला लावली आणि थुंकले. "साबन हाय," रांगेकडे वळून ते म्हणाले. कुणीच हसलं नाही.

तेवढ्यात रविवारच्या झाडलोटीला आलेली छबुबाई आतून बादली घेऊन आली. "साबनाचं असू द्या की. लेकरांची कापडं तरी निघत्याल." तिने बादली कॅनखाली धरली. वैजिनाथने एकदा खड्ड्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. त्याने दोन्ही कॅन तिच्या बादलीत आणि नंतर पुढे आलेल्या घागरींत रिकामे केले. झाकण परत लावलं.

पुढच्या रविवारी तो गेला नाही. महिना संपायच्या आत साहेब त्याच्या खुर्चीमागे येऊन उभे राहिले आणि नेकनूर बंद करा म्हणाले. बंद करायच्या दोन रीती असतात. एकीत तिकडे शाखेत यंत्रावर बसलेल्या माणसाचं काम अर्ध्यात तुटतं; दुसरीत त्याचं काम संपेपर्यंत यंत्र वाट बघतं. साहेबांना घाई होती. वैजिनाथने दुसरी आज्ञा दिली. तिकडे कारकून राधाकिशन एका म्हातारीचा अंगठा घेत होता. साहेब घड्याळ बघत राहिले. म्हातारीचं काम झालं आणि लाइन गेली.

आता नेकनूरची माणसं बसने येऊन बँकेच्या पायरीवर बसून असतात. शाखेबरोबर छबुबाईचं कामही गेलं, तिला दुसरीकडे कुठे घेतलं नाही. वैजिनाथ मागच्या दाराने आत जातो. डिस्प्ले दिला की नेकनूरचं नाव अजून येतं, पुढे 'बंद' असं. ते नाव कायमचं काढून टाकायचं काम त्याच्याकडेच आहे. साहेब रोज विचारतात आणि हा रोज "उद्या करतो" म्हणतो. जेवण मात्र त्याचं फार कमी झालंय.