बिस्किटाच्या डब्यातले देव

नवऱ्यावर ओरडायला परका मुलूख फार बरा, असं मला तंजावरात वाटलं होतं. तिथल्या विद्यापीठात आमच्या ह्यांचं आठ दिवसांचं काम होतं आणि मी आपली सोबतीला. दुसऱ्याच दिवशी हे ओळखपत्र खोलीवर विसरले. ऑफिसच्या खिडकीसमोर भर गर्दीत मी सुरू झाले, "अहो, डोकं तरी आणलंत बरोबर, की तेही उशीखाली ठेवलंत?" खिडकीपलीकडचा कारकून मान खाली घालून खुदखुदायला लागला. मग म्हणाला, "अक्का, माफ करा, मला सगळें कळतें."

मी जी गप्प झाले! चाळीस वर्षांत ह्यांना जे साधलं नाही, ते त्या माणसानं एका वाक्यात केलं.

घरी मराठीच बोलतो, म्हणाला. वाचता मात्र येत नाही, देवनागरी आजोबांबरोबरच गेली. पापनाशमच्या वाटेवर त्यांचं गाव, तिथे आता चारच मराठी घरं उरलेली. "रविवारीं जेवायला या. अप्पांना फार बरें वाटेल." हे तोवर पोट बिघडवून बसले होते, म्हणून रविवारी मी एकटीच बसमध्ये चढले. कालव्याच्या कडेनं बस रमतगमत चालली होती आणि जी ती बाई मला तमिळमध्ये काहीतरी विचारत होती. मी सगळ्यांना हसून मान डोलावली. कशाकशाला हो म्हटलं देव जाणे.

अप्पा म्हणजे त्या कारकुनाचे वडील, ऐंशीच्या पुढचे. डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेले, पण मान ताठ. "बैसा," म्हणाले, आणि लगेच, "तिकडे पाऊस बरा झाला?" जन्मात कधी महाराष्ट्र न पाहिलेला माणूस, पण चौकशी अशी, की परवाच तिकडून आलाय. मला एकदम भरूनच आलं. सूनबाई तमिळ, मुलानं स्वतः पसंत केलेली, गावातल्याच शाळेत शिकवते. तिनं हसून कॉफी दिली आणि आत गेली. जेवण केळीच्या पानावर, वाढणं तिचंच. तिच्याशी मला एक शब्द बोलता येईना आणि तीही काही बोलेना.

जेवण झाल्यावर अप्पांनी मुलाकडून देवघरातलं लाल फडकं आणवलं. आत पाच टाक. खंडोबा, भवानी आणि घराण्यातले वीर. अंगठ्याएवढे चांदीचे पत्रे ते, पिढ्यान्‌पिढ्या घासून घासून देवांची तोंडंच गेलेली. अप्पांनी बोटं फिरवून एकेकाचं नाव सांगितलं.

"हे तिकडून आमच्याबरोबर आले," ते म्हणाले. "तुम्ही परत घेऊन जातां?"

अप्पांनी फडकं माझ्याकडे सरकवलं.

"माझें काय, आज आहें. मुलाला वेळ नाही. सून चांगली आहे, पण ती बिचारी दुसऱ्या घरची, तिला काय ठाऊक? मला एकच भीती वाटते, अम्मा. माझ्यामागें हे डब्यात जातील. कपाटावर."

नाशिकला आमच्या कपाटावर बिस्किटाचा एक डबा आहे. सासूबाई गेल्यावर मीच त्यात आमच्या घरचे टाक ठेवले होते. नोकरी होती, मुलांची लग्नं होती, नंतर बघू म्हटलं होतं. अहो, बारा वर्षं झाली! अप्पांना काही दिसत नव्हतं तरी मी त्यांच्या डोळ्यांना डोळा भिडवू शकले नाही. लाजेनंच म्हटलं असेल, पण म्हटलं, "नेते मी."

अप्पांचा चेहरा असा उजळला की मला तिथून पळून जावंसं वाटलं. त्यांनी टाक माझ्या ओंजळीत ओतले. "खंडोबा मध्यें, भवानी उजवीकडे, मग वीर. लावा पाहूं."

मी एक उचलला, दुसरा उचलला. पाचही सारखेच गुळगुळीत. मी अंदाजानं एक मध्ये ठेवला. अप्पांनी चाचपला आणि मान हलवली. दुसरा ठेवला, तोही नाही.

तेवढ्यात सून आतून आली. हात पदराला पुसत सरळ माझ्यासमोर बसली आणि माझ्या हातातले टाक तिनं काढून घेतले. विचारलं नाही, की हसली नाही. एकेकावरून अंगठा फिरवला आणि टपाटप पाचही जागच्या जागी लावले. मग सासऱ्यांकडे वळून तमिळमध्ये काहीतरी तडतडली. ती त्यांना मामा म्हणते, एवढंच मला कळलं.

मुलगा बिचारा चाचरत सांगायला लागला. "ती म्हणते, मामा, हे कोठें चालले? अप्पा सकाळीं घासतात, पण त्यांना दिसत नाही, खाचेंत काळें राहतें. म्हणून अप्पा दुपारी निजले की ती परत घासते. सात वर्षें झालीं. मलाही ठाऊक नव्हतें."

"मला कां नाही सांगितलें?" अप्पांनी विचारलं. मराठीतच विचारलं.

तिला ते नीट कळलं. तिनं तमिळमध्ये उत्तर दिलं, ते मुलानं हळूच सांगितलं: तुम्हाला वाईट वाटलं असतं.

अप्पांच्या गालांवरून पाणी वाहत होतं, ते त्यांनी पुसलंही नाही. मग देवांसमोरच्या पाटावर ते जरा बाजूला सरकले आणि मोकळ्या जागेवर हात थोपटून सुनेला म्हणाले, "बैस." ती बसली. मला कुणी काही विचारलं नाही आणि तेच बरं झालं.

निघताना सूनबाईनं मला मोपेडवर बसवून बसथांब्यापर्यंत सोडलं. मी तिची कंबर घट्ट धरून बसले होते. बस दिसायला लागल्यावर ती एकेक शब्द जुळवत मराठीत म्हणाली, "अक्का, तुमच्या घरीं आहेत, देव?"

"आहेत," मी म्हटलं. "मीच घासते. रोज."

ती इतकी खूश झाली की तिनं माझे दोन्ही हात धरले.

नाशिकला पोचल्यावर बॅग दारातच टाकली, स्टूल घेतलं आणि डबा काढला. आत पाच काळेकुट्ट तुकडे. कोण खंडोबा, कोण भवानी, मला सांगता येईना. हे मागे उभे. म्हणाले, "अगं, सोनाराकडे दे, तासाभरात लखलखीत करून देईल."

"खबरदार हात लावलात तर," मी म्हटलं आणि चिंच भिजत घातली. "त्या पोरीशी मी खोटं बोललेय."