तक्त्याप्रमाणे लोखंड बुडते

माजलगावच्या धरणाच्या अलीकडं, कालव्याला लागून असलेल्या एका गावात मी बरीच वर्षं शिकवते आहे. शाळा चौथीपर्यंत, शिक्षक दोन. एक मी आणि दुसरे आमचे हेडमास्तर. पहिली-दुसरी त्यांच्याकडं, तिसरी-चौथी माझ्याकडं, अशी वाटणी कागदावर आहे. प्रत्यक्षात कागद त्यांच्याकडं असतात आणि चारही वर्ग माझ्याकडं.

फेब्रुवारीतल्या एका सोमवारी त्यांच्या मोबाईलवर निरोप आला. शुक्रवारी तालुक्याहून साहेब येणार, आणि त्यांना वर्गात प्रत्यक्ष कृतीतून चाललेलं शिक्षण बघायचंय. सरांनी तो निरोप मला दोनदा वाचून दाखवला. मग खिशातून कपाटाची किल्ली काढली.

कपाटात विज्ञानाची पेटी होती. भिंगं, चुंबक, छोटा तराजू, सगळं होतं तिच्यात. असं झाकणावरच्या यादीत लिहिलेलं होतं; उघडून कुणी बघितलं नव्हतं, कारण पेटीवरचं प्लास्टिक अजून निघालेलं नव्हतं. पोरं फोडतील म्हणून ती बंद. सरांनी फडक्यानं धूळ पुसली, पेटीकडं मायेनं बघितलं आणि कपाट परत लावून टाकलं.

"मॅडम, आपण तरंगणे-बुडणे घेऊ," ते म्हणाले. "टबात पाणी, झालं. फुटण्यासारखं काही नाही."

मी तक्ता केला. एका बाजूला 'बुडते': दगड, लोखंड, काच. दुसऱ्या बाजूला 'तरंगते': लाकूड, पान, थर्माकोल. अक्षर माझं चांगलं आहे, कडेला वेलबुट्टीही काढली. खिचडी शिजवणाऱ्या मावशींकडून मोठा निळा टब आणला आणि मंगळवारपासून सराव सुरू झाला.

पहिल्या दिवशी मुलांना खरंच मजा आली. एकानं पायातली चप्पल काढून टबात सोडली.

"चप्पल तक्त्यात नाही," सर म्हणाले आणि चप्पल बाहेर आली.

बुधवारी कोणी काय टाकायचं हे ठरलं. गुरुवारपर्यंत मुलं इतकी तयार झाली की दगड हातातून सुटायच्या आधीच "बुडला!" म्हणायची. सरांना ते पटलं नाही. "आधी टाका, मग आश्चर्य करा," असं त्यांनी समजावलं. मग आम्ही आश्चर्याचाही सराव घेतला. तिसरी-चौथीची एकवीस पोरं एका सुरात "अगं बाई! लाकूड तरंगलं!" म्हणायला शिकली. हे मी शिकवलं. सरांवर सगळं ढकलून मला मोकळं होता येणार नाही.

शुक्रवारी सकाळी तिसरीतली एक मुलगी अचानक दारात उभी राहिली. दिवाळीनंतर आई-बापाबरोबर ती ऊसतोडीला गेली होती. उसाच्या ट्रॉलीवरून उतरताना आईचा पाय मुरगळला, चांगलाच सुजला, म्हणून ही माणसं टोळी सोडून लवकर परतली होती. पोरीच्या अंगावर जुनाच गणवेश होता, बाह्या आखूड झालेल्या. एरवी मी तिला जवळ घेऊन काय-काय बघितलंस म्हणून विचारलं असतं. त्या दिवशी माझ्या मनात पहिला विचार आला तो हा, की हिचा सराव झालेला नाही.

"मागं भिंतीला बस," मी म्हणाले. "आणि आज काही विचारायचं नाही, बरं का."

ती बसली.

साहेब अकराला आले. चहा झाला, फोटो झाले, आणि आमची कृती सुरू झाली. दगड बुडला, मुलांना आश्चर्य वाटलं. पान तरंगलं, पुन्हा वाटलं. चौथीतल्या मुलीनं खिळा सोडला आणि तक्त्याकडं बघत म्हणाली, "लोखंड बुडते."

साहेब खूश झाले. त्यांनी वर्गाला विचारलं, "मग सांगा, लोखंडाची कोणतीही वस्तू पाण्यात टाकली तर?"

"बुडते!" सगळे ओरडले.

"न्हाई," मागून आवाज आला.

हेडमास्तरांनी माझ्याकडं बघितलं. मी भिंतीकडं बघितलं. ती उठून उभी राहिली होती.

"कामून न्हाई?" साहेबांनी विचारलं. साहेब आमच्याच भागातले होते, फक्त बोलण्यातून ते एरवी लपवत.

"आमी तिकडं कालव्यावर भांडी घासायचो," ती म्हणाली. "उलथणं हातातून सुटलं की गेलंच. पण कढई तरंगत जाती. मला पळून पळून धरावी लागायची. कढई तर उलथण्यापेक्षा लई जड हाय."

"साहेब, ही पोरगी तोडीवरून आजच आलीय," सर घाईघाईनं म्हणाले. "नियमित नाही."

पण साहेब म्हणाले, "आण बघू कढई."

ती पळत गेली आणि मावशींची फोडणीची लोखंडी कढई घेऊन आली. दोन्ही हातांनी अलगद पाण्यावर ठेवली आणि हात काढून घेतले. कढई तरंगली. "अगं बाई!" म्हणायचं पोरं विसरूनच गेली. या आश्चर्याचा सराव झालेला नव्हता.

मग तिनं टबातला दगड बाहेर काढला, तोच, तीन दिवस बुडत असलेला, आणि कढईत ठेवला. कढई थोडी खाली गेली आणि तशीच राहिली.

"आता दगड बी तरंगला," कोणीतरी म्हणालं.

त्यानंतर शाळा आमच्या हातातून गेली. पोरं अंगणातून खडे आणायला पळाली. साहेब बाह्या सरसावून टबाशी उकिडवे बसले. "अजून एक ठेव. बुडत न्हाई रे ती! अजून एक!" असं ते स्वतःच्या वयाच्या माणसाशी बोलावं तसं पोरांशी बोलत होते. अकराव्या खड्याला कढई कलली, काठावरून पाणी आत शिरलं आणि ती तळाला गेली. साहेबांची पँट गुडघ्यापर्यंत भिजली. पोरं नाचत होती.

"पण तरंगली कशी?" साहेबांनी माझ्याकडं वळून विचारलं.

मला नीट सांगता आलं नाही. घनता, आकारमान असले शब्द घशापर्यंत आले, पण ते पोरांना कसे सांगायचे हे मला ठाऊक नव्हतं. मी म्हणाले, "ते वरच्या वर्गात आहे, साहेब."

साहेबांनी मान हलवली. त्यांनाही सुटल्यासारखं झालं असावं.

"काठ हाय तिला," मुलगी टबातून कढई काढता काढता म्हणाली. "काठ पाणी आत येऊ देत न्हाई. आत शिरलं की मग बुडती."

एवढ्यात दारात मावशी आल्या. "माझी कढई कुणी नेली? तिकडं डाळ शिजून गेली, फोडणी काय कपाळात देऊ?" त्यांनी साहेबांना बघितलं, पण आवाज कमी केला नाही. खडे झटकून कढई घेऊन गेल्या.

साहेब उठले, पँट पिळली आणि हळूहळू पुन्हा साहेब झाले. ऑफिसात बसून त्यांनी भेटीच्या वहीत शेरा लिहिला. तो मला अजून पाठ आहे: 'विद्यार्थी कृतीत रममाण झाले. तथापि कृतीचे निष्कर्ष तक्त्याशी जुळत नाहीत. पुढील भेटीपूर्वी जुळवून घ्यावेत.'

निष्कर्ष जुळवून घ्यायचे म्हणजे काय करायचं, यावर हेडमास्तरांनी दोन दिवस विचार केला. सोमवारी त्यांनी सूचना काढली, की स्वयंपाकघरातली भांडी वर्गात आणू नयेत. प्रश्न मिटला.

मला मात्र झोंबत राहिलं. पोरीला मी भिंतीला बसवलं होतं, आणि ती उठून बोलली नसती तर तो दिवस माझ्या मते उत्तम गेला असता. मी तिला जवळ बोलावून म्हणाले, "त्या दिवशी चांगलं सांगितलंस."

"तुमी बोलू नको म्हणला होता," ती म्हणाली. "पण त्यांनी इचारलं ना."

मग दोनेक आठवडे मी टब व्हरांड्यातच ठेवला. सर नसले की पोरं घरून डबे, झाकणं, बापाचा तुटका टॉर्च, काय काय आणायची. एकानं धाकट्या भावालाच आणलं होतं, त्याला मी परत पाठवलं. तक्ता भिंतीवर तसाच होता. काढून टाकायची माझी हिंमत झाली नाही. पुढची भेट कधी येईल सांगता येत नव्हतं.

एप्रिलमध्ये परीक्षा झाली. प्रश्नपत्रिका आमची नव्हे, वरून छापून आलेली. त्यात रिकामी जागा भरा: 'लोखंडाची वस्तू पाण्यात ____. (तरंगते / बुडते)'. पर्यवेक्षणाला मीच होते. ती मुलगी त्या प्रश्नावर बराच वेळ थांबली आणि तिनं हात वर केला.

"बाई, कोणती वस्तू?"

"वस्तू दिलेली नाही," मी म्हणाले.

"मग कसं लिवायचं?"

बाजूच्या पोरांच्या माना वर झाल्या होत्या. सर दारातून जात होते. मी वाकले आणि हळूच म्हणाले, "बुडते लिही."

तिनं माझ्याकडं बघितलं. "पण तुमी बघितलंय ना, बाई?"

"बघितलंय. लिही."

तिनं लिहिलं. पेपर मीच तपासले. त्या उत्तराला मी पूर्ण गुण दिले आणि पुढचा गठ्ठा ओढला.