एका रात्रीची जागा

व्हर्ना स्टबलफील्डला मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ती हातात पिशवी घेऊन दुसऱ्यांनी टाकलेला कचरा उचलत होती. लास क्रूसेस गावाच्या बाहेर, महामार्गाला लागून, शेतीसामानाचं एक मोठं दुकान होतं. त्याच्या मागच्या मैदानात आमच्यासारख्या गाडीतच संसार थाटलेल्या माणसांना एक रात्र थांबू देत. मी नवखा होतो. तलसातला छापखाना बंद पडल्यावर व्हॅनमध्ये गादी टाकून निघालो होतो, आणि त्या संध्याकाळी मैदानाच्या मधोमध गाडी लावून खुशाल बसलो होतो.

तिने काचेवर टकटक केलं. "आत जाऊन मॅनेजरला विचारलंस?"

"पाटी तर कुठे दिसत नाही."

"पाटी नाही म्हणजे परवानगी आहे, असं नसतं. जा, विचारून ये. आणि हात हलवत येऊ नकोस. निदान हातमोजे तरी विकत घे त्यांच्याकडून."

मी गेलो, विचारलं, हातमोजे घेतले. परत आल्यावर तिने मला कडेला, कुंपणाशी गाडी लावायला सांगितली आणि बाकीचं सगळं उभ्या उभ्या शिकवलं. गाडीचं कापडी छप्पर बाहेर काढायचं नाही. खुर्च्या मांडायच्या नाहीत. शेगडी तर नाहीच नाही. गाडीखालचे टेकू जमिनीला लावायचे नाहीत, कारण टेकू लावले की लोकांना वाटतं हा आता मुक्कामच ठोकणार. सांडपाण्याचा थेंब सांडायचा नाही. अंधार पडला की जनरेटर बंद. उजाडलं की निघायचं, आणि निघताना जागा आलो होतो त्याहून साफ करून जायची.

"आपण इथे पाहुणे आहोत," ती म्हणाली. "तेही न बोलावलेले."

व्हर्ना कॅन्ससमधल्या सलायनाची. एकतीस वर्षं शाळेच्या स्वयंपाकघरात तिने शेकडो पोरांना जेवू घातलं. नवरा मर्ल धान्याच्या कोठारावर कामाला होता. उंच, दणकट, कमी बोलणारा. मूलबाळ नव्हतं. दोघं निवृत्त झाली, घर विकलं, जुनं मोटरहोम घेतलं. पाच वर्षं देश बघायचा आणि मग कुठेतरी दोन खोल्या घेऊन राहायचं, असं ठरलं होतं. दुसऱ्या वर्षी मर्ल रस्ते विसरायला लागला. तिसऱ्या वर्षी तिने त्याच्या हातातून स्टिअरिंग काढून घेतलं. मी भेटलो तेव्हा चौथं चालू होतं, आणि काही दिवशी सकाळी तो तिला परकी समजून "बाई" म्हणून हाक मारायचा.

पुढच्या जानेवारीत ती पुन्हा त्या मैदानात आली. गाल बसलेले, केस कसेतरी बांधलेले. मेंदूच्या डॉक्टरांची वेळ मंगळवारी मिळाली होती, सहा महिने वाट बघून. आणि ती शुक्रवारीच पोचली होती, कारण वाटेत काही झालं तर वेळ चुकायला नको. गावाजवळचे सगळे कॅम्प भरलेले. शुक्रवारची रात्र तिने इथे काढली, शनिवारची एका बंद पडलेल्या पेट्रोलपंपाजवळ. रविवारी मीही तिथे मुक्कामाला होतो. ती परत आली आणि मॅनेजरसमोर जाऊन उभी राहिली.

मॅनेजर आर्मेंदारिझ भला माणूस होता. म्हणाला, "मंगळवारपर्यंत राहा, मॅडम. पण मला वरून पत्र आलंय. गेल्या महिन्यात कोणीतरी घाण सोडून गेलं. आता एक जरी तक्रार आली, तर मैदान सगळ्यांनाच बंद."

"आमची तक्रार येणार नाही," व्हर्ना म्हणाली.

दोन रात्री तिच्या डोळ्याला डोळा लागला नव्हता. मर्ल उठून दार उघडायचा, म्हणून ती दाराला पाठ लावून बसायची. रविवारी रात्री कधीतरी तिला बसल्या बसल्याच झोप लागली, ती बाजूला कलंडली आणि दार मोकळं झालं.

सोमवारी सकाळी सातच्या सुमारास मी व्हॅनमध्ये कॉफी करत होतो. खिडकीतून दिसलं, मर्लने कापडी छप्पर बाहेर काढलंय. दोन खुर्च्या मांडल्यात, टेबल मांडलंय, त्यावर कापडसुद्धा अंथरलंय. मी ते पाहिलं आणि मनात म्हटलं, व्हर्ना येईलच आता, आपण कशाला मध्ये पडा. मी कॉफी ओतून घेतली. साखर ढवळली. ती दोन-तीन मिनिटं मला अजून खातात.

पुन्हा पाहिलं तेव्हा त्याने शेगडीत कोळसे पेटवले होते, आणि शेगडी होती दुकानाच्या पेंढ्याच्या थप्पीला लागून. त्या दिवसांत सकाळी वारा असतोच. मी पायात बूट न घालताच पळालो. मर्ल हसून म्हणाला, "या, बसा. सॉसेज होतच आलेत." जाळीवर काहीच नव्हतं. मागे एका गठ्ठ्याने पेट घेतला होता.

मी आरडाओरड केली. आर्मेंदारिझ आणि दोन कामगार पाण्याचा पाइप घेऊन धावले. दोन गठ्ठे जळाले, कुंपणाची एक फळी काळी पडली, बाकी काही नाही. व्हर्ना दारात आली. अंगावर रात्रीचे कपडे, एक पाय अनवाणी. ती सरळ खुर्च्या मिटायला लागली. मर्लने एक खुर्ची धरून ठेवली. "अहो बाई, पाहुणे यायचेत. काय करताय?" ती ओढत होती, तो सोडत नव्हता, आणि आम्ही सगळे बघत होतो.

नऊ वाजता आर्मेंदारिझने प्रत्येक गाडीचं दार वाजवलं. दुपारी बारापर्यंत आठही गाड्यांनी निघायचं, मैदान कायमचं बंद.

"उद्या दहाची वेळ आहे त्याची," व्हर्ना म्हणाली. "फक्त उद्या सकाळपर्यंत. मी गाडीतून उतरणारसुद्धा नाही."

"मॅडम, आता माझ्या हातात राहिलं नाही." बिचारा तिच्याकडे बघत नव्हता.

शेजारच्या ट्रेलरमधली ट्रूडी ऐकत होती. "दुनियेला नियम शिकवत फिरायचीस ना?" ती म्हणाली. "आधी घरचं माणूस आवरायचं होतंस. तुझ्यापायी आता आम्ही कुठे जायचं?"

व्हर्ना आत गेली. तिने कपडे बदलले, मर्लला सीटवर बसवून पट्टा लावला आणि बाकीच्या सातही दारांवर जाऊन माफी मागितली. ट्रूडीकडेही गेली. ट्रूडीने दार उघडलं नाही.

ती निघाली, तसा मी मागे निघालो. मदत करायची म्हणून नव्हे. व्हॅनमध्ये एकटं बसवेना म्हणून. आधी चर्च. तिथल्या पाद्र्याने खेदाने सांगितलं, विमा कंपनीवाले परवानगी देत नाहीत. मग पेकानच्या, अक्रोडासारख्या फळाच्या, बागेवाला एक शेतकरी. त्याच्याकडे फवारणी चालू होती. मग ट्रकवाल्यांचा थांबा. तिथे ट्रकच रांगेत उभे होते.

त्या थांब्यावर मर्ल बिथरला. तिने त्याला लघवीला नेण्यासाठी खाली उतरवलं, तर त्याने तिला ढकललं आणि ओरडायला लागला, "वाचवा मला. ही बाई मला पळवून नेतेय. माझी बायको घरी वाट बघतेय." माणसं जमली. कोणीतरी फोन केला. शेरीफचा माणूस, तिकडचा पोलीस, आला आणि त्याने व्हर्नाला मर्लपासून वीस पावलं लांब उभं केलं. लग्नाचा दाखला, परवाने, डॉक्टरांचं पत्र, सगळं तिने एका फाइलीत नीट लावून ठेवलं होतं. त्याने एकेक कागद वाचला. मर्ल तोवर एका ट्रकवाल्याचा हात धरून रडत होता.

शेरीफचा माणूस गेल्यावर ती गाडीच्या पायरीवर बसली.

"ओडेल, मघाशी गाडीत मी त्याच्यावर हात उचलला होता," ती म्हणाली. "मारला नाही. पण उचलला होता. आज रात्री मारेन."

"नाही मारणार तू."

"तुला काय माहीत?"

मला खरंच काही माहीत नव्हतं.

ती उठली, चावी फिरवली आणि मर्लची वेळ होती त्या इस्पितळात थेट गेली. मोठ्या दरवाजासमोर चार गाड्यांची जागा अडवून तिने मोटरहोम आडवं लावलं. 'रात्री गाड्या लावू नयेत' अशी पाटी अगदी डोक्यावर होती. तिने टेकू खाली घेतले. कापडी छप्पर बाहेर ओढलं. दोन खुर्च्या मांडल्या, एकीवर मर्लला बसवलं, एकीवर आपण बसली. दुपारचे तीन वाजले होते. मी लांब उभा होतो, आणि खरं सांगायचं तर मला तिची लाज वाटत होती.

पहारेकरी आला. पन्नाशीचा, जाड मिशांचा.

"बाई, इथे नाही थांबता येत."

"मला वाचता येतं."

"मग काढा ना गाडी."

"नाही काढणार. पोलिसांना बोलवा. गाडी ओढून न्या, मला आत टाका. पण त्याआधी याला कोणीतरी आत घ्या. उद्याची वेळ आहे याची. मी उद्यापर्यंत याला सांभाळू शकत नाही." तिचा आवाज चढला नव्हता. "मी कुणाच्याही जागेत विचारल्याशिवाय कधी थांबले नाही. याला विचारा." आणि तिने माझ्याकडे बोट केलं.

पहारेकऱ्याने माझ्याकडे पाहिलं. "खरं आहे," मी म्हणालो. दिवसभरात तिच्या बाजूने मी उच्चारलेले ते पहिले शब्द.

त्याने मर्लकडे बराच वेळ पाहिलं. मर्ल स्वतःच्या बुटाची नाडी सोडत होता, बांधत होता. पहारेकऱ्याने फोन लावला, पोलिसांना नव्हे, आत. पाऊण तासाने इस्पितळातल्या एक बाई खाली आल्या, व्हर्नाजवळ उकिडव्या बसल्या आणि बोलल्या. संध्याकाळपर्यंत मर्लला आत खाट मिळाली.

त्यापुढची हकीकत काही सुखाची नाही. तिथून त्याला सोकोरोच्या शुश्रूषागृहात हलवलं, गाडीने दोन-सव्वादोन तास उत्तरेला. त्यांच्या आवारात गाडीत राहायची परवानगी नव्हती. व्हर्ना सोकोरोच्या आसपास एक रात्र इथे, एक रात्र तिथे असं करत राहिली आणि रोज सकाळी दहाला त्याच्यासमोर जाऊन बसली. तो तिला ओळखत नव्हता. कधी बरा बोलायचा, कधी जेवणाचं ताट भिरकावायचा. मेच्या अखेरीस न्यूमोनियाने गेला. दफनाला मी होतो, तो मिशीवाला पहारेकरी होता, आणि शुश्रूषागृहातली एक मुलगी.

आता ती उन्हाळ्यात हीलाच्या डोंगरात एका कॅम्पची देखरेख करते, संडास धुते, आलेल्यांना जागा दाखवते. ती सावरली, असं मी म्हणणार नाही. पाठीमागे भिंत असली तरच तिला झोप लागते.

गेल्या खेपेला मी तिच्याकडे गेलो तेव्हा तिने बीन्स शिजवले होते. जेवताना तिने आपण होऊन सांगितलं की मर्ल जायच्या चार दिवस आधी तिच्याशी फार अदबीने बोलला होता.

"म्हणाला, बाई, तुम्ही राहता कुठे? मी म्हटलं, इथेच, जवळ. तर म्हणाला, मग येत जा."