सात वेळा तेच गाणं

आमच्या ह्यांनी सव्वीस वर्षं केक भाजले, पण घड्याळ बघून एकही नाही. केक भट्टीत गेला की टेपवर ते जुनं प्रेमाचं गाणं लागायचं. सात वेळा वाजलं की केक बाहेर. गाण्यातला तो बिचारा एका बाईची वाट बघत बसलेला. मला विचाराल तर ती बाई येणारच नव्हती! ऐकून ऐकून माझे कान किटले होते. पण गिऱ्हाइकं बघा, पाव घ्यायला आलेला पोस्टमन कडवं संपल्याशिवाय हलायचा नाही. शाळकरी पोरीसुद्धा रांगेत उभ्या राहून गुणगुणायच्या.

लेकीच्या लग्नाच्या दिवशी सकाळीच टेपनं कॅसेट खाल्ली. चार वाजता केक हॉलवर हवा होता, आणि तो स्वतःच्या हातानंच करायचा हे ह्यांनी ती रांगत होती तेव्हापासून ठरवलेलं. ह्यांचा चेहरा एवढासा झाला.

"बाबा, एवढंच ना?" म्हणत लेकीनं फोनवर तेच गाणं लावलं आणि ती तयार व्हायला गेली. सात वेळा वाजलं. केक काढला, तर मधोमध कच्चा!

"भट्टी बिघडली," हे डोक्याला हात लावून खाली बसले.

भट्टी कसली बिघडते! मी मघापासून भांडी घासत गाण्याबरोबर गुणगुणत होते आणि दर ओळीला मागे पडत होते. आमचा टेप म्हातारा झालेला. तो गायक वर्षागणिक सावकाश होत गेला, भट्टीही थकत गेली, म्हणून दोघांचं जमत आलं. फोनवरचा गडी मात्र तरणाबांड, धावतच सुटलेला.

"मग आठ वेळा लावू," मी म्हटलं.

"आठ की साडेआठ, कोण सांगणार? आता एकाच केकपुरतं सामान उरलंय गं."

दोन वाजले होते. माझंही डोकं फिरलं. "घाला केक आत," म्हटलं, "मी म्हणते गाणं. आपल्या टेपच्या चालीनं."

लाज वाटली हो, खोटं कशाला बोलू? बाहेर गिऱ्हाइकं, पायाशी पिठाची पोती, आणि मी पदर खोचून त्या बाईला 'ये' म्हणतेय. पण एकदा सूर लागला आणि मग काही वाटेना. चार वेळा म्हणून झालं, पाच वेळा झालं. सातवं संपलं. हे आपले स्टुलावर हनुवटीला हात लावून बसलेलेच.

"अहो, सातवं झालं!"

सव्वीस वर्षांत हा माणूस कधी एका कडव्यानंही चुकला नव्हता. माझ्याकडे बघत म्हणतो कसा, "आणखी एकदा म्हण ना."

मी धावत जाऊन भट्टी उघडली. केक छान फुगलेला, फक्त एक कड जरा काळी. वरून क्रीम थापलं आणि पावणेचारला हॉलवर पोचलो.

लेकीनं पहिला घास घेतला आणि माझ्या कानाशी लागली, "आई, थोडा करपलाय का गं?"

"तुझ्या बापाला विचार," मी म्हटलं. हे लाजून छताकडे बघायला लागले.