साधनांच्या यादीत झमकी फुपी

"मौखिक साधन. झमकीबाई. नातं, आत्या. वय, माहीत नाही."

सरांनी माझा कागद वर धरून एवढंच वाचलं आणि थांबले. आधी सर हसले. मग वर्ग हसला.

"अगं, हे साधन नाही. हे तुझं घर आहे," सर म्हणाले. "इतिहासाले कागद लागते. तांडा आज इथं, उद्या तिथं. त्याचा कसला इतिहास लिहितं तू?"

मी उभी होते. बस असं कोणी म्हटलं नाही, म्हणून उभीच राहिले.

बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला इतिहासाचा संशोधन प्रकल्प असतो. विषय, उद्देश, साधनं, प्रकरणं असा आराखडा आधी मंजूर करून घ्यावा लागतो. मी पंधरा दिवस खपून तो केला होता. आमचे लमाण लोक पूर्वी बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलूखभर फिरायचे. त्याला लदेणी म्हणायचे. ते फिरणं थांबून आमचा तांडा पुसदजवळच्या माळावर कसा बसला, हे मला लिहायचं होतं. घरातून कॉलेजात आलेली मी पहिली. मला वाटलं, हे काम माझंच आहे.

माझ्यानंतर ऋतुजा उठली. तिचा विषय, तिच्या घराण्याची पाटीलकी. साधनं, घरच्या पेटीतली मोडी कागदपत्रं.

"याले म्हणते संशोधन," सर म्हणाले. मग माझ्याकडे न बघताच, "तू हिच्या गटात जा. हिच्या गावाभोवती तांडे आहेत. त्यावर एक प्रकरण करा. भाषेचं तू पाहून घे."

मी मान हलवली. हो सर, म्हटलं. त्या हसण्यापेक्षा मला त्या 'हो'ची लाज जास्त वाटते.

ऋतुजाबद्दल खरं लिहायचं तर मला तिचा हेवा वाटायचा. तिच्या स्कूटीचा नाही. ती सरांशी बोलताना खुर्ची ओढून बसायची, त्याचा. उत्तर चुकलं तर "अय्या, चुकलं" म्हणून हसायची, त्याचा. माझं चुकलं की मी आठवडाभर तेच घोळवत बसायचे.

तिच्या घरी गेले तेव्हा तो हेवा आणखी वाढला. पेटीत लाल कापडात बांधलेले कागद होते. तिने एक उलगडला आणि बोट ठेवलं. "हे माझ्या खापरपणज्याचं नाव." मोडी मला येत नव्हती. तिलाही येत नव्हती. कोणाकडून तरी वाचून घेतलं होतं. पण नाव कुठे आहे ते तिला ठाऊक होतं. माझ्या आजोबांच्या वडिलांचं नाव आमच्या घरात दोघं दोन सांगतात.

तिची आई चहा घेऊन आली. "तांड्यावरची होय का तू? तुमच्या बाया यंदा वेचाले काहून नाही येऊन राह्यल्या? वावरात कापूस लोंबून राह्यला."

"माहीत नाही काकू."

"मायले विचारून सांग बरं."

त्या बायांमध्ये माझी आई होती. मी सांगितलं नाही. चहा प्यायला आणि ऋतुजाची वंशावळ सुवाच्य अक्षरात उतरवायला बसले. त्या दिवशी मी एक नाव मुद्दाम गाळलं. तिच्या आजोबांच्या एका भावाचं. दुसऱ्या दिवशी घाबरून पुन्हा लिहिलं. कोणाला कळलं नाही. पण हेवा माणसाला कुठवर नेतो ते मला कळलं.

तांड्यावरचं प्रकरण मी केलं. ऋतुजा एकदाच आली. उन्हानं डोकं दुखतं म्हणून अर्ध्या तासात गेली. मी सात आदितवार म्हाताऱ्यांजवळ बसले. सगळ्यात जास्त झमकी फुपीजवळ.

फुपी म्हणजे माझ्या वडिलांची मोठी बहीण. तिला ढावलो येतो. पोरगी सासरी निघाली, की बाया एकमेकींच्या गळ्यात पडून रडत रडत गातात, तो ढावलो. कोणी मेलं तरी तसंच रडतात. फुपीच्या ढावल्यात लदेणीतले मुक्काम येतात, विहिरी येतात, बैलांची नावं येतात. एका मुक्कामाला बाळंत झालेली बाई येते, जिच्यासाठी तांडा एकच दिवस थांबला. हे कुठेच लिहिलेलं नाही. पण कारणाशिवाय ढावलो गायचा नाही, असं आमच्यात मानतात. विनाकारण रडलं तर रडण्याचं कारण घरात येतं.

आम्ही घरी गोरबोलीत बोलतो. इथे समजेल असं लिहिते.

"कोणाचं लगीन हाय? कोण मेलं? कायले रडू वो?" फुपी म्हणाली.

"माझ्या कॉलेजचं काम आहे."

"तुह्या कामाचं हाय?"

"हो."

"तुहं नाव येईन त्यात?"

"दोघींचं येईन."

 फुपीने ओढणी तोंडावर ओढली, माझ्या गळ्यात हात टाकले आणि गायली. मोबाइल आमच्या दोघींच्या मध्ये होता. संपल्यावर तिने माझ्या तोंडात साखर घातली आणि स्वतःही खाल्ली. "काही होत नाही," म्हणाली. पण आणखी एक चिमूट माझ्या तोंडात घातली.

मी बावीस पानं हाताने लिहिली. फुपीचं नाव पहिल्याच ओळीत. टाइप करायला ऋतुजाकडे दिली, सोबत रेकॉर्डिंगचा पेनड्राइव्हही. त्यानंतर मी एसटीतून उतरले की फुपी ओट्यावरून विचारायची, "छापलं का?"

छापलं. विद्यापीठाच्या पातळीवर प्रकल्प सादर करायचे होते. आमच्या कॉलेजातून ऋतुजाचा निवडला गेला. सभागृहात सराव होता तेव्हा मी बांधलेली प्रत पहिल्यांदा हातात घेतली. मुखपृष्ठावर एक नाव. आतमध्ये चौथं प्रकरण, माझी वाक्यं, माझे स्वल्पविराम. तळटीप: 'एका निरक्षर लमाण वृद्धेकडून.' आभारात शेवटून दुसरी ओळ: 'भाषांतरासाठी एका वर्गमैत्रिणीचे सहकार्य लाभले.'

"अगं, फॉर्मवर एकच नाव येते," ऋतुजा म्हणाली. "सरांनीच सांगितलं. पण तुझी बुढी फेमस होते बघ आता."

ती वाईट मनाने बोलली नाही. तिला खरंच काही वाटलं नव्हतं. मला त्याचाही हेवा वाटला.

तेवढ्यात सरांनी मला पुढे बोलावलं. "त्या दिवशी तू तुमचा तो फेटिया-कांचळी घालून ये. आरशांचा घागरा-चोळी. ऋतुजा बोलंन तवा बाजूले उभी राह्य. जिवंत वाटते."

"सर, मी काय बोलायचं?"

"बोलायचं काही नाही. नुसतं उभं राह्यचं."

स्पीकरवर फुपीचा आवाज लागला. रडण्याने भरलेला, त्या मोठ्या रिकाम्या सभागृहात. मागच्या रांगेतून एका पोराने तसाच सूर काढला. दोघं-तिघं हसले. सर म्हणाले, "आवाज कमी करा, पुढं घ्या."

मी म्हणाले, "कमी करू नका सर. हे प्रकरण मी लिहिलंय. माझं आणि माझ्या फुपीचं नाव टाका. नाही तर प्रकरण काढा."

"तू लिहिलं याचा कागद हाय का कुठं?"

माझी बावीस पानं ऋतुजाकडे होती. तिने खाली पाहिलं.

"कागद नाही. रेकॉर्डिंग शेवटपर्यंत लावा."

कोणी हललं नाही. मीच गेले आणि लावलं. ढावल्यात बाई जिच्या गळ्यात पडते, तिचं नाव घेऊन रडते. ती रीतच आहे. शेवटी फुपीने माझं नाव घेतलं. एकदा नाही, चारदा. वर्गात हजेरीला सर जे नाव घेतात, तेच.

मागचं हसणं थांबलं.

"अंतर्गत गुण माह्या हातात आहेत, लक्षात ठेव," सर म्हणाले.

"ठेवते सर. फेटिया घालून मी उभी राहणार नाही."

मी पेनड्राइव्ह काढून घेतला. बाहेर ऋतुजा मागे आली. "एवढं काय त्यात? मांगितलं असतं तर मी टाकलं असतं तुझं नाव."

"माझं नाव मी तुला कायले मागू?" मी म्हटलं. 

चौथं प्रकरण काढून तिचा प्रकल्प गेला. तिला दुसरं बक्षीस मिळालं. फोटो मी पाहिला. जळले. अजून जळते. यातून काही शहाणपण आलं आणि हेवा गेला, असं मी लिहिणार नाही. तो आहे. तिच्या घरातली पेटी साधन आणि माझ्या घरातली बाई नुसतं घर, असं ज्यांनी ठरवलं त्यांच्याकडे आता मी तो वळवलाय.

फुपीला सगळं सांगितलं.

"पोट्टे हसले?"

"हसले."

तिने तुरीचं सूप बाजूला सारलं. मग म्हणाली, "माह्यं एकटीचंच नाव काहून? माह्या सासूची सासू लदेणीत चालत होती. लिही तिचं. तिच्या जावेचं लिही."

मी वही आणली. ती सांगत गेली. सांगताना अडली की शेजारची दुसरी म्हातारी भर घालायची. दोघी भांडल्या तर दोन्ही नावं लिहिली आणि पुढे तसं नोंदवलं.

आराखडा मी नव्याने केलाय. विषय माझा पहिलाच. गटात मी एकटी. साधनांची यादी आता तीन पानं झाली आहे. त्यात बायांची नावं आहेत, त्यांनी सांगितलेल्या मुक्कामांची नावं आहेत. जिचं वय माहीत नाही तिच्यापुढे 'माहीत नाही' असंच लिहिलंय. सरांनी आराखडा दोनदा परत केला. दुसऱ्यांदा म्हणाले, यादी अर्ध्या पानाची कर, मग पाहू.

सोमवारी तिसऱ्यांदा नेणार आहे. एकही नाव कमी केलेलं नाही.